एकच पिकअप, ठिबकचे काम आणि डोंगरातला मुक्काम : नाशिकमधील एक प्रकरण

दिंडोरी तालुक्यात ठिबक सिंचनाचे संच बसवणे आणि दुरुस्त करणे हा व्यवसाय असलेल्या एका जोडप्याला आपल्या दुहेरी केबिनच्या बोलेरो कॅम्पर पिकअपमधून दोन कामे साधायची होती. आठवडाभर ती गाडी मोहाडी, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यातील द्राक्षबागांत साहित्य पोहोचवणार होती आणि हंगाम सैल असताना तीच गाडी त्यांना व त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला साल्हेर, त्र्यंबक किंवा भंडारदऱ्याकडे मुक्कामाला नेणार होती. बसवणीचे काम पती पाहतात, तर साठा, हिशेब आणि निम्म्याहून अधिक वेळा गाडी चालवणे हे त्यांच्या पत्नीकडे असते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हौद्यांचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींसोबत या गाडीचा आराखडा मी केला. अशा गाडीबद्दल मला विचारणारे बहुतेक जण तंबू आणि रॅकपासून सुरुवात करतात, आणि खरे प्रश्न वजनाचे व रसायनांचे असतात. म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडत आहे.

पत्नींनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. "सोमवारी सकाळी सात वाजता गाडी बागेवर लागली पाहिजे. रविवारी रात्री परत आल्यावर तासन्‌तास सामान उतरवत बसणे मला जमणार नाही. एवढे सांभाळा, बाकी भाऊ तुम्ही ठरवा ते." पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या अटीवरून झाले. कामाचा दिवस आधी आणि मुक्काम नंतर, हा क्रम मान्य केला की कोणती वस्तू गाडीला कायमची जोडायची आणि कोणती सुटी ठेवायची, हे ठरवायला एक कसोटी मिळते. दोन्ही कामांत उपयोगी पडणारी वस्तू तेवढी कायम ठेवायची. केवळ मुक्कामासाठी असलेली वस्तू दोन माणसांना अर्ध्या तासाच्या आत काढता आली पाहिजे.

हंगामाची जुळणीही या कसोटीला पोषक होती. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (द्राक्षे काढून झाल्यावरची) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) होते. दोन्ही छाटण्यांच्या आगेमागे ठिबकच्या कामाची धांदल असते, कारण नवी फूट निघण्याआधी लॅटरल (वेलींच्या ओळीतली बारीक नळी), ड्रिपर (तिच्यातून थेंब सोडणारी तोटी) आणि फिल्टर ठीक असावे लागतात. डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि भर पावसाचे महिने तुलनेने मोकळे जातात. म्हणजे मुक्काम एक तर कडक थंडीत होणार होते किंवा धो धो पावसात. एप्रिल-मे महिन्यांच्या सुखद संध्याकाळी ही गाडी बागेतच असणार होती.

वजनाचा हिशेब

मालकांनी आणलेली मूळ यादी मोठी होती. हौद्यावर फायबरचे बंद छत, टपावर उघडणारा तंबू, लोखंडी चौकटीचे खण, टपाचे कॅरियर, जुन्या पद्धतीच्या शिशाच्या दोन बॅटऱ्या, स्टीलची पाण्याची टाकी आणि बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज अशी ती होती. प्रत्येक वस्तूचे वजन लिहून बेरीज केली. खण ९५ किलो, छत ९०, तंबू ६०, कॅरियर ३५, बॅटऱ्या ६०, भरलेली टाकी ६० आणि फ्रिज २०, अशी ती ४२० किलोंवर गेली.

या गाडीची कागदोपत्री वहनक्षमता सुमारे एक टन आहे, त्यामुळे ४२० किलो ऐकताना फारसे वाटत नाहीत. पण कामाच्या दिवसाचे वजन पाहिले की चित्र बदलते. नवा सँड फिल्टर बसवायचा असेल तेव्हा त्यात भरायच्या वाळूच्या ५० किलोंच्या दहा गोण्या एका खेपेत न्याव्या लागतात. त्यासोबत दोन कारागीर व चालक मिळून दोनशे किलो, लॅटरलची भेंडोळी, फिल्टरची टाकी, जोडण्या आणि हत्यारे मिळून आणखी दोनशे. म्हणजे गाडी नऊशे किलोंच्या घरात आधीच पोहोचलेली असते. तिथे चारशे किलोंचे कायमचे सामान चढले, तर वर्षातील प्रत्येक मोठ्या कामाच्या दिवशी गाडी मर्यादेबाहेर धावणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. त्याहून मोठा धोका ब्रेकचा आणि टायरचा आहे. वणी किंवा कसाऱ्याच्या घाटात उतरताना ब्रेक तापतात, तेव्हा हे जादा किलो जाणवतात.

या टप्प्यावर मालकांनी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवण्याचा पर्याय सुचवला. पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही हे खरे आहे. परंतु नोंदणी पुस्तकातील एकूण वजनाची मर्यादा त्याने एका किलोनेही वाढत नाही, आस (ॲक्सल), चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. उलट गाडी रिकामी असताना मागची बाजू उडते आणि हेडलाइटचा झोत खाली जातो. ज्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमीजास्त करणारी झडप असते, तिथे पाटा वाढल्याने त्या झडपेला गाडी हलकी असल्याचा चुकीचा संकेत मिळतो. म्हणून पाटे जसे होते तसेच ठेवले आणि वजनच कमी करायचे ठरवले.

वजन किती, याच्याइतकेच ते कुठे ठेवले यालाही महत्त्व आहे. या गाडीच्या दोन आसांमधील अंतर सुमारे ३ मीटर आहे. मागच्या आसाच्या १ मीटर मागे, म्हणजे फाळक्यालगत, ६० किलोंची वस्तू ठेवली तर तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचा भार २० किलोंनी कमी होतो आणि मागच्या आसावर ८० किलो पडतात. ओल्या मातीच्या शिवाररस्त्यावर पुढची चाके हलकी होणे म्हणजे सुकाणूची पकड सुटणे. त्यामुळे जड वस्तू केबिनच्या भिंतीला लागून आणि हलक्या वस्तू फाळक्याकडे, ही मांडणी कामाच्या व मुक्कामाच्या दोन्ही रूपांत पाळली.

अंतिम रचनेत गाडीला कायम जोडलेले सामान ७५ किलोंचे झाले. त्यात ॲल्युमिनियमच्या चौकटीवर १२ मिलिमीटर प्लायवूडचे खण ४८ किलो, बॅटरी व वायरिंग १८ किलो आणि केबिनमागे बोल्टने बसवलेली शिडीवजा कमान ९ किलो. सुटे सामान, म्हणजे झोपण्याच्या फळ्या, ताडपत्री व तिच्या कमानी, पाणी, स्वयंपाकाची पेटी, बर्फाची पेटी आणि अंथरूण-पांघरूण, १२२ किलोंचे भरले. सगळे मिळून १९७ किलो. मूळ यादीच्या निम्म्याहून हे कमी आहे आणि त्यातले १२२ किलो कामाच्या दिवशी घरीच असतात. काम पूर्ण झाल्यावर गाडी भुईकाट्यावर दोनदा नेली, एकदा रिकामी आणि एकदा वाळूच्या गोण्यांसह. पूर्ण भाराने पुढचा आस आणि मागचा आस वेगवेगळेही तोलून घेतले. पावती काही रुपयांची असते, पण अशा कामात तिच्याइतका भरवशाचा दुसरा कागद नाही.

टपावरचा तंबू का नाकारला

मालकांचा जीव या तंबूवर होता, म्हणून या निर्णयाची कारणे सविस्तर सांगणे योग्य. पहिले कारण उंचीचे. द्राक्षबागेच्या कडेने जाताना वेलींच्या मांडवाचे तिरपे ताण आणि तारा गाडीच्या टपाच्या आसपास असतात, आणि पॅकहाउसच्या कित्येक शेड बुटक्या असतात. तंबू व कॅरियर मिळून दीड फूट उंची वाढली की रोजच्या वाटांपैकी काही वाटा बंद होतात. दुसरे कारण वजनाच्या जागेचे. जमिनीपासून सहा फुटांवर ठेवलेले साठ किलो वळणावर गाडीला जेवढे झुकवतात, तेवढे हौद्याच्या तळातले साठ किलो झुकवत नाहीत. तिसरे कारण पत्नींच्या अटीतून आले, कारण तो तंबू दर सोमवारी उतरवणे दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते आणि न उतरवता तो कामावर नेणे म्हणजे वर्षभर साठ किलो टपावर वाहणे.

जमिनीवरचा तंबू हलका आणि स्वस्त असतो, तरी तोही मुख्य पर्याय म्हणून ठेवला नाही. भर पावसात त्र्यंबकच्या बाजूला जमीन पाण्याने थबथबलेली असते. शिवाय निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत बिबट्याचा वावर सर्वांना ठाऊक आहे आणि लहान मुलीला घेऊन उघड्यावर जमिनीलगत झोपणे पालकांना नको होते. म्हणून झोपण्याची सोय गाडीतच केली. खणांची उंची ११ इंच ठेवली. त्यांच्या वरच्या फळीवर दिवसा पाइप कापण्याचे व जोडण्या बसवण्याचे काम होते. रात्री फाळका आडवा करून त्याला खालून दोन पाय लावले की सव्वासहा फूट लांब आणि पाच फूट रुंद सपाट जागा मिळते. फाळक्याच्या साखळ्यांवर दोन माणसांचा भार रात्रभर ठेवू नये, यासाठी हे पाय आहेत. आईवडील हौद्यात आणि मुलगी केबिनच्या मागच्या आसनावर, दोन्हींच्या मध्ये काच, अशी ही रचना आहे. वर कमानींवर ताडपत्री येते. कमानी हौद्याच्या मूळ कड्यांत बसतात, त्यासाठी एकही नवे भोक पाडलेले नाही.

आम्ल, क्लोरीन आणि भाजीपाला

या प्रकरणात मला सर्वांत जास्त विचार करावा लागला तो रसायनांचा. पिकअप आणि मुक्काम या विषयावरच्या चर्चेत या गोष्टीचा उल्लेख फार क्वचित होतो, कारण तिथे गाडीचे रोजचे काम म्हणजे सुतारकी किंवा बांधकाम असे गृहीत धरलेले असते. ठिबकवाल्याच्या गाडीत मात्र क्षार साचलेले ड्रिपर मोकळे करण्यासाठी आम्ल असते, शेवाळ मारण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर असते आणि पाइप चिकटवण्यासाठी सॉल्व्हंट सिमेंट असते. आम्ल व हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. सॉल्व्हंट सिमेंटची वाफ ज्वलनशील असते. ज्या हौद्यात दिवसा ही तीन रसायने फिरतात, तिथेच रात्री दोन माणसे झोपणार आणि शेजारी शेगडी पेटणार, हे लक्षात घेतल्यावर खणांची संपूर्ण आखणी नव्याने केली.

आता रसायनांसाठी दोन सुट्या पेट्या आहेत. आम्लाची पेटी हौद्याच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात आणि क्लोरीनची उजव्या मागच्या कोपऱ्यात, दोन्हींच्या मध्ये खणांची भिंत. दोन्ही पेट्या जाड प्लॅस्टिकच्या, आत एक खोल परात, जेणेकरून कॅन गळला तरी द्रव पेटीतच राहील. मुक्कामाच्या आदल्या संध्याकाळी या पेट्या आणि सिमेंटचे डबे उतरून घरच्या शेडमध्ये जातात, आणि ते उतरल्याशिवाय झोपण्याच्या फळ्या गाडीवर चढत नाहीत, हा नियम त्या घरात कसोशीने पाळला जातो. पेट्या उतरवल्यावरही फळ्या लगेच चढवत नाहीत. आधी हौदा धुतात, आम्लाच्या कोपऱ्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून पुन्हा धुतात, मग वाळवतात. झोपण्याच्या फळ्या कामावर कधीही जात नाहीत, त्यामुळे अंथरुणाला लागणारा पृष्ठभाग नेहमी स्वच्छ राहतो.

ठिबकसाठी वापरल्या जाणाऱ्या मिठाच्या आम्लाची (हायड्रोक्लोरिक) वाफ बंद जागेत साचली तर जस्त चढवलेले लोखंड, ॲल्युमिनियम आणि विजेच्या जोडण्या सगळे खाते, स्टेनलेस स्टीलही त्यातून पूर्णपणे सुटत नाही. म्हणून बॅटरी हौद्यात न ठेवता केबिनमध्ये मागच्या आसनामागे बसवली, आणि हौद्यावर बंद छत नको या निर्णयाला याच कारणाने आणखी बळ मिळाले. उघड्या हौद्यातून वाफ निघून जाते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत जिथे स्टेनलेसचे बोल्ट आले तिथे नायलॉनचे वायसर घातले, कारण दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजू लागते.

पाण्याचे कॅन रंगावरून वेगळे केले आहेत. पिण्याचे पाणी पांढऱ्या, अन्नासाठी योग्य प्लॅस्टिकच्या २० लिटरच्या दोन कॅनमध्ये आणि कामाचे पाणी निळ्या कॅनमध्ये. कामाच्या कॅनमध्ये एकदा खताचे द्रावण गेले की तो कितीही धुतला तरी पिण्यासाठी वापरू नये.

गॅसची व्यवस्थाही याच भागात सांगतो. पाच किलोंची टाकी उभी ठेवता येईल अशी पेटी केली आणि पेटीच्या तळाला भोके ठेवली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली साचतो, वरच्या जाळीतून निघून जात नाही. शेगडी गाडीपासून दूर, मोकळ्यावर लावायची. पावसात ताडपत्रीच्या आत शेगडी किंवा कोळशाची शेकोटी पेटवण्याचा मोह होतो, आणि बंदिस्त जागेत त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. या एका मुद्द्यावर मी मालकांकडून स्पष्ट शब्द घेतला.

वीज : फ्रिज का वगळला

कृषी वाहिनीवर थ्री फेज वीज अनेक गावांत आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, त्यामुळे ठिबकचा संच चालवून पाहण्याचे कामही रात्री होते. हौद्याच्या कडेला लावलेले एलईडी दिवे पंपघराजवळ आणि मुक्कामावर सारखेच उपयोगी पडतात, म्हणून दुसरी बॅटरी कायमच्या सामानात बसली. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-तास. तेवढ्याच आकाराच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरणे तिच्या आयुष्याला हितकारक असते आणि तिचे वजन अडीचपट असते, त्यामुळे महाग असूनही लिथियम घेतली. एकूण खर्चात हीच सर्वांत मोठी रक्कम होती आणि ती योग्य ठिकाणी खर्च झाली असे मला वाटते.

रात्रीचा वापर मोजला. ६ वॉटचे तीन दिवे चार तास म्हणजे ७२ वॉट-तास, २० वॉटचा पंखा सात तास म्हणजे १४०, फोनसाठी ४०. एकूण २५२ वॉट-तास. बॅटरीचे ऐंशी टक्के वापरले तरी चार रात्री निघतात. इंजिन चालू असताना २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) दोन तासांत पाचशेच्या आसपास वॉट-तास परत भरतो, म्हणजे नाशिकहून साल्हेरवाडीला जाईपर्यंत दोन रात्रींची सोय होते. सौर पॅनेलची गरजच उरली नाही.

यात फ्रिज घातला असता तर त्याला दिवसाला चारशे ते सहाशे वॉट-तास लागले असते. मग एका जागी दोन दिवस थांबण्यासाठी पॅनेल हवे, पॅनेलसाठी टपावर कॅरियर हवे, आणि कॅरियर आले की मांडवाच्या तारांचा प्रश्न पुन्हा उभा. एका वस्तूमागून तीन वस्तू येतात, हे मालकांसमोर कागदावर मांडल्यावर त्यांनी स्वतःच बर्फाची पेटी पुरे असे ठरवले. दोन रात्रींच्या मुक्कामाला ती पुरते.

वायरच्या जाडीबाबत मात्र काटकसर करू दिली नाही. इंजिनपासून मागच्या आसनापर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबे. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत २० अँपिअरला पाऊण व्होल्टहून अधिक घट होते, १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती सुमारे ०.३५ व्होल्टवर येते. जाड वायर घेतली आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज बसवला. फ्यूज दूर ठेवला तर बॅटरी ते फ्यूज हा तुकडा असंरक्षित राहतो आणि घर्षणाने सोलला की तिथूनच आग लागते.

खण, धूळ आणि बांधणी

खणांसाठी बॉल बेअरिंगचे चॅनेल मिळतात आणि ते हाताला छान लागतात. पण मार्च महिन्यातील शिवाररस्त्याची धूळ त्यात महिन्याभरात भरते. मिस्त्रींनी नायलॉनच्या पट्टीवर सरकणारा साधा खण सुचवला, तो ओढायला थोडा जड आहे आणि धुळीने अडत नाही. उजवीकडच्या खणात जोडण्या, व्हॉल्व्ह, पंच आणि ग्रोमेट राहतात. मुक्कामाच्या वेळी तो खण तसाच कुलपात राहतो, स्वयंपाकाची पेटी त्याच्या शेजारच्या मोकळ्या कप्प्यात बसते. रसायने सोडली तर कामाचे सामान न उतरवता मुक्कामाला निघता येते, ही या रचनेची मोठी सोय आहे.

बांधणीसाठी पुढच्या दिशेला वस्तूच्या वजनाच्या आठ दशांश आणि बाजूंना व मागे निम्मा जोर सहन होईल असा युरोपीय मानकातील दंडक धरला. पन्नास किलोंची पेटी पुढे सरकू नये म्हणून चाळीस किलोंचा जोर झेलणारी पकड हवी. अपघातात याहून कितीतरी अधिक जोर येतो, म्हणून जड वस्तू पट्ट्याने बांधूनही केबिनच्या भिंतीला टेकवूनच ठेवायची. चेसिसला वेल्डिंग केलेले नाही, सगळे जोड मूळ बोल्टांच्या जागी आहेत.

कागदपत्रे

गाडी पिवळ्या पाटीची, मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. म्हणून हौद्याचा प्रकार, आसनांची संख्या, चाकांची मापे यांतील काहीही बदलले नाही. सुट्या कमानी आणि ताडपत्री तपासणीपूर्वी उतरवता येतात. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा पासिंगच्या दिवशी गाडी मूळ रूपात उभी करता येणे हा व्यावहारिक लाभ आहे. दुसरी बॅटरी व वायरिंग विमा कंपनीला लेखी कळवले. प्रवासात हौद्यात कोणीही बसायचे नाही, ती जागा केवळ गाडी उभी असताना झोपण्यासाठी आहे. पत्नींकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनाला तो पुरतो, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केल्याने त्यांची ती शंकाही मिटली.

वापरानंतर

पहिला मोठा मुक्काम डिसेंबरात साल्हेरच्या पायथ्याशी झाला. १,५६७ मीटर उंचीच्या त्या गडाखाली रात्री कडाक्याची थंडी होती आणि ताडपत्रीच्या आतल्या बाजूला श्वासाचे दव साचून पहाटे अंथरुणावर ठिबकले. त्यानंतर दोन्ही टोकांना जाळीचे झरोके शिवून घेतले आणि फळ्यांवर फोमची जाड घडी घातली, कारण थंडी खालून, उघड्या फाळक्याच्या बाजूने, जास्त येत होती. पावसाळ्यात त्र्यंबकजवळ ताडपत्रीच्या मधोमध पाण्याची फुगी धरली, तेव्हा मधली कमान चार इंच उंच करून घेतली. मुक्काम गावातल्या एखाद्या अंगणात, घरमालकांची परवानगी घेऊन करायचा ही त्यांची पद्धत मला आवडली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या ठिकाणी तर वनविभागाचे नियम विचारल्याशिवाय गाडी उभी करू नये.

सोमवारची अट पाळली जाते. फळ्या, ताडपत्री आणि पेट्या उतरवून रसायनांच्या पेट्या परत चढवायला दोघांना अर्धा तास लागत नाही.

एक प्रश्न या रचनेने सुटलेला नाही, तो पाइपचा. पीव्हीसी पाइप ६ मीटरचे येतात आणि गाडीची पूर्ण लांबी पाच मीटरला थोडी कमी आहे. केबिनमागच्या कमानीवरून ते न्यायचे तर मागेपुढे बाहेर येतात आणि कलम १९४ मधील बाहेर आलेल्या मालाची तरतूद लागू होते, तिचा दंडही २०,००० रुपयांचाच आहे. सध्या पूर्ण लांबीचे पाइप विक्रेत्याच्या टेम्पोतून थेट बागेवर जातात आणि गाडीत केवळ दुरुस्तीचे कापलेले तुकडे असतात. टेम्पोचे भाडे छाटणीच्या हंगामात जाचते, असे पत्नी हिशेबाची वही दाखवून सांगतात. त्यासाठी लहान ट्रेलर घ्यावा का, याचा विचार सुरू आहे. त्याची नोंदणी, ब्रेक आणि बागेच्या अरुंद रस्त्यावर वळवण्याची अडचण हे तिन्ही तपासून झाल्यावर पुढच्या खरड छाटणीआधी ते निर्णय घेणार आहेत.